परत न येणारी लाट

रत्नागिरीच्या माणसाला लाटेविषयी कोणी काही नवे सांगू लागले, तर तो आधी सगळे ऐकून घेतो आणि मग हळूच हसतो. मांडवीच्या धक्क्यावर ज्याच्या संध्याकाळी गेल्या, पांढऱ्या समुद्रावर ज्याने आषाढातले उधाण पाहिले आणि भाट्याच्या वाळूत ज्याने अनवाणी पायांनी ओहोटी मोजली, त्याला लाट म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यातून मी महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. विज्ञानाशी माझा औपचारिक संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, आणि त्याचे दोन्ही पक्षांना फारसे दुःख झाले नाही. तरीही या दिवाळीत मी वाचकांपुढे जो विषय ठेवणार आहे, तो लाटांचाच आहे. मात्र या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्यासाठी माणसाने जो किनारा बांधला आहे तो कोणत्याही नकाशात सापडत नाही.

त्या किनाऱ्याकडे जाण्यापूर्वी आपल्या ओळखीचे दोन किनारे पाहू. मांडवीच्या धक्क्याच्या उभ्या दगडी अंगावर लाट आदळली की ती तिथेच संपत नाही. ती उलटी फिरते, पाठीमागून येणाऱ्या लाटेत मिसळते, आणि धक्क्यालगतचे पाणी कढईतल्या तेलासारखे खदखदू लागते. तीच लाट भाट्याच्या उतरत्या वाळूवर आली, की पायांखालचे पाणी जसजसे उथळ होते तसतशी ती उंचावते, फुटते, वाळूवर पसरते आणि जिरून जाते. परत फिरते ते अगदी थोडे. समुद्र एकच, लाटही एकच. परंतु अडवणारी गोष्ट एकदम उभी राहिली तर लाट मागे वळते, आणि हळूहळू चढत गेली तर लाट संपते. वाचकांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा खटाटोप तिच्याच आधाराने समजणार आहे.

न दिसणाऱ्या लाटा

आकाशवाणीच्या बातम्या, मोबाइलवरचे बोलणे, रडारचा झोत आणि खिडकीतून येणारे ऊन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. या घराण्याचे नाव विद्युच्चुंबकीय लहरी. वडीलधाऱ्या लहरींची लांबी शेकडो मीटर असते, मोबाइलच्या लहरी वीतभराच्या आसपास असतात, आणि प्रकाशाची लहर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. वेग मात्र सर्वांचा सारखाच, पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर.

या घराण्याची कुंडली मांडली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश गणितज्ञाने, १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात. हा मॅक्सवेल केंब्रिजच्या १८५४ सालच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा रँग्लर होता. रँग्लर हा शब्द आपल्या घरांत रुळला तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसामुळे. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली त्याच परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, म्हणजे पहिले आले. मॅक्सवेलची समीकरणे म्हणजे काही परक्या वाड्यातले गुपित नव्हे. मुर्डीचा मुलगा त्या वाड्याच्या ओसरीवर मानाने बसून आला आहे.

मॅक्सवेलने लहरींचे भाकीत केले, पण त्या प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या जर्मनीतल्या हाइनरिख हर्ट्झ याने, १८८७-८८ च्या सुमारास कार्ल्सरुहे येथे. लहरी मिळाल्या, परंतु त्यांचा वेग मोजताना त्याचा मेळ बसेना. तारेतून जाणाऱ्या लहरीचा वेग आणि हवेतून जाणाऱ्या लहरीचा वेग वेगवेगळे येऊ लागले. खोड लहरींत नव्हती, खोलीत होती. भिंती आणि आसपासच्या वस्तू लहरी परत फेकत होत्या आणि त्या परतलेल्या लहरी मोजमापात लुडबुड करत होत्या. पुढे १८९३ साली जिनिव्हात साराझँ आणि द ला रीव्ह या दोघांनी तोच प्रयोग मोठ्या दिवाणखान्यात केला आणि दोन्ही वेग सारखे आले. न दिसणाऱ्या लाटांच्या अभ्यासाला भिंतीची अडचण अशी अगदी पाळण्यातच भेटली.

‘इथून पुढचं सगळं खोटं’

गेल्या गणेशोत्सवात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता तो पुण्यात अँटेना आणि रडार यांच्या गणितांचे काम करतो. मोदकांचा समाचार घेऊन झाल्यावर मी विचारले, “अरे, तू दिवसभर नेमका करतोस तरी काय?”

“सर, मी लाटांना परत येऊ देत नाही,” तो म्हणाला.

आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “मग मिऱ्याच्या बंधाऱ्याचं काम तुलाच द्यायला हवं होतं!”

हसणे ओसरल्यावर त्याने आपला लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक काळा चौकोन होता आणि मधोमध एक लहानसे वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे धातूच्या कांबीचा छेद, असे त्याने सांगितले. डावीकडून एक लहर आली, कांबीवर आदळली, आणि तळ्यात खडा टाकावा तशी तिच्याभोवती वलये उमटून चहूकडे पसरू लागली. कांबीच्या मागे फिकट सावली पडली. लहर एखाद्या वस्तूवर आदळून अशी दाही दिशांना विखुरते, त्याला विज्ञानाच्या परिभाषेत प्रकीर्णन म्हणतात. पाहायला मोठे सुंदर वाटत होते. इतक्यात ती वलये चौकोनाच्या कडेला पोहोचली आणि धक्क्यावरच्या लाटेप्रमाणे उलटी फिरली. दोन-चार क्षणांत साऱ्या पडद्यावर भर पावसात अंगणात ठेवलेल्या घमेल्यासारखी खळबळ माजली.

“सर, इथून पुढचं सगळं खोटं,” तो म्हणाला. “कांबीनं काय परत पाठवलं आणि चौकटीनं काय परत पाठवलं, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही. आणि खरी गंमत म्हणजे ती चौकट जगात नाहीच. ती मी काढलीय.”

चौकट काढायची तरी कशाला, असे मी विचारले. त्याचे उत्तर सोपे होते. खऱ्या जगात कांबीपासून निघालेली लहर आभाळात निघून जाते, पण आभाळ काही संगणकात मावत नाही. कुठेतरी थांबावेच लागते. मी तरी वर्गात एखादी कादंबरी शिकवताना दुसरे काय करतो? तीन प्रकरणे नेमतो आणि उरलेल्यांवर पडदा टाकतो.

उखळ एक, मुसळे दोन

संगणकावर लहर चालवण्याची जी रीत त्याने मला समजावली, ती केन यी यांची. चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत गणित शिकलेल्या या माणसाने १९६६ साली एका नियतकालिकात ती मांडली. अवकाशाचे लहान लहान चौकोनी घरांत तुकडे करायचे. लहरीला दोन अंगे असतात, एक विजेचे आणि एक चुंबकाचे. एक बदलले की दुसरे जागे होते. यी यांनी ही दोन अंगे एकाच जागी न ठेवता अर्ध्या घराच्या अंतराने मांडली, आणि काळातही अर्ध्या पावलाचे अंतर ठेवले. पूर्वी आपल्याकडे दोघी जणी एकाच उखळात भात कांडत असत. एकीचे मुसळ खाली जाई तेव्हा दुसरीचे वर असे, आणि टक्कर कधी होत नसे. तीच ही रीत. आधी विजेचे अंग, मग चुंबकाचे, पुन्हा विजेचे. असे करता करता लहर घराघरांतून पुढे सरकते.

काम सोपे, पण किती वेळा करायचे याचा हिशोब ऐका. दहा सेंटिमीटर लांबीची लहर नीट उमटवायची, तर एका लांबीत निदान दहा ते वीस घरे हवीत. म्हणजे पाच मिलिमीटरचे एक घर धरू. एक मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच पेटीत अशी ८० लाख घरे होतात. दर घरात विजेचे तीन आणि चुंबकाचे तीन आकडे, म्हणजे एकूण ४ कोटी ८० लाख आकडे. काळाचे एक पाऊल सेकंदाच्या दहा हजार कोटींशाहून मोठे ठेवता येत नाही, नाहीतर सारे गणित उधळते. एक मीटर ओलांडायला लहरीला साधारण साडेतीनशे पावले लागतात, आणि दर पावलाला ते सगळे आकडे पुन्हा मांडायचे.

येथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की पेटीच मोठी करा. भिंतीवरून लाट परतण्याआधी आपले काम उरकून घ्या. पण पेटीची बाजू दुप्पट केली की घरे आठपट होतात, आणि दहापट केली तर हजारपट. भिंत दूर ढकलणे हा श्रीमंतांचा उपाय झाला. मध्यमवर्गीयाला आहे त्या दोन खोल्यांतच संसार करावा लागतो.

भिंत, पण न बोलणारी

मग लोकांनी असा विचार केला, की भिंत राहू द्यावी पण तिला परतफेड करू देऊ नये. १९७७ साली ब्यॉर्न एंगक्विस्ट आणि अँड्र्यू मायदा या गणितज्ञांनी कडेच्या घरांसाठी निराळी समीकरणे सुचवली. येणारी लहर बाहेर जात आहे असे गृहीत धरून कडेचा आकडा भरायचा, असा त्यांचा मथितार्थ. १९८१ साली गेरिट मुर या डच संशोधकाने ती रीत यी यांच्या घरांना चपखल बसवली. अशा कडांना शोषक सीमा म्हणतात. सरळ येऊन धडकणारी लहर त्या बऱ्यापैकी गिळत. तिरकी आली तर मात्र फसत. त्या काळच्या शोषक सीमा लहरीचा शेकडा अर्धा ते पाच भाग परत पाठवत. ऐकायला हे थोडे वाटते. परंतु जी वस्तू आपण पाहतो आहोत तिचा स्वतःचा पडसादच जर शेकडा एक भाग असेल, तर भिंतीचा शेकडा पाच म्हणजे वऱ्हाडापुढे नवरदेव दिसेनासा झाल्यासारखे आहे.

कोंडी फुटली ती १९९४ साली. फ्रान्सच्या संरक्षण खात्याच्या एका संस्थेत काम करणारे झाँ-पिएर बेराँजे यांनी भिंतीच्या आत एक थर घालायचे सुचवले. नुसता लहर शोषणारा पदार्थ कडेला लावून भागत नाही, कारण त्या पदार्थाचा पृष्ठभाग हीच एक नवी भिंत होते. लहरीला पुढचे माध्यम वेगळे लागले की ती थबकते आणि काही भागाने मागे वळते. बेराँजे यांनी लहरीच्या अंगांची गणितात फोड केली आणि विजेच्या अंगाला जेवढा चाप, त्याला जुळेल तेवढाच चाप चुंबकाच्या अंगालाही लावला. परिणाम असा, की लहर कोणत्याही कोनातून आणि कोणत्याही लांबीची येवो, आपण हवेतून थरात शिरलो हे तिला कळतच नाही. ती बेसावध आत जाते आणि आतल्या आत क्षीण होत जाते. यालाच पूर्ण जुळता थर म्हणतात. असा पदार्थ निसर्गात नाही. पण कागदावर असायला हरकत नाही, आणि पेटी तरी कागदावरचीच आहे.

त्यातही भाट्याची वाळू उपयोगी पडली. अवकाशाचे घरांत तुकडे केलेले असल्यामुळे थराचा चाप एकदम वाढवला तर थोडा पडसाद येतोच. म्हणून तो पहिल्या घरात अगदी नावापुरता ठेवतात, दुसऱ्यात थोडा अधिक, आणि आठ-दहा घरांत पूर्ण चढवतात. उतरता किनाराच हा! जुन्या सीमांच्या मानाने परतणारी लहर यामुळे शेकडो, हजारो पटींनी घटली. माझ्या विद्यार्थ्याने दुसरे चित्र दाखवले तेव्हा वलये कडेपर्यंत गेली आणि जणू खिडकी उघडी असावी तशी निघून गेली. मागे कांब आणि तिची सावली एवढेच स्वच्छ उरले.

खऱ्या जगातही माणसाने हेच केले आहे. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती पाण्यात बांधून त्यांच्यावर लाटा सोडतात. अशा कुंडांच्या टोकाला उतरता किनारा करावा लागतो, नाहीतर कुंडाची भिंतच बंदरावर लाटा पाठवू लागेल. अँटेना तपासण्यासाठी जे पडसादरहित कक्ष बांधतात, त्यांच्या भिंतींवर कोळशाची पूड मुरवलेल्या फोमचे टोकदार सुळके ओळीने लावलेले असतात. टोकाकडे हवा जास्त, बुडाकडे शोषक पदार्थ जास्त; लहरीला चढ हळूहळू लागावा हाच हेतू.

याचा आपल्या घराशी संबंध काय?

गणिताची ही करमणूक विद्वानांना लखलाभ असो, आपल्याला तिचे काय, असे कोणी विचारील. उत्तर माणसाच्या डोळ्यापासून सुरू होते. या रीतीच्या पहिल्या उपयोगांपैकी एक, १९७५ साली अॅलन टॅफ्लव्ह आणि मॉरिस ब्रॉडविन यांनी केलेला, हा होता: सूक्ष्मलहरी डोळ्यावर पडल्या तर बुबुळामागे उष्णता किती व कुठे साचते? जिवंत डोळ्यात तापमापक खुपसता येत नाही. घरांच्या पेटीत मात्र डोळा मांडता येतो. आज मोबाइल कानाशी धरल्यावर डोक्यात किती शक्ती शोषली जाते, याची गणितेही अशाच पेट्यांत केली जातात. आपल्या देशाची मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॅट आहे, आणि ती शरीराच्या एकेका ग्रॅमवर सरासरी काढून लावायची असते. आपल्या फोनवर *#०७# दाबले तर पुष्कळदा त्याचा आकडा पाहायला मिळतो. या गणितात चौकटीने चोरून पडसाद मिसळला, तर आकडा खरा नसेल. आणि तो आकडा आपल्या मुलांच्या डोक्याविषयी आहे.

दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीपलीकडचे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या पत्र्याच्या नाहीत तर बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची. आमच्या मिरकरवाड्याच्या खलाशाला हे समजवायला नको. जाळ्याचा आस किती ठेवला यावर कोणता मासा अडकेल ते ठरते. वीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरीला एवढ्याशा भोकांतून फारसे निसटता येत नाही. तिच्या दृष्टीने जाळी हा आरसाच. वारा मात्र जाळीतून निघून जातो, वजन कमी राहते आणि पैसा वाचतो. वस्तू लहरीला कशी दिसते हे आधी नेमके कळले म्हणून ही काटकसर साधली.

तिसरे उदाहरण आमच्या अगदी दारातले. मुंबई आणि गोवा येथे हवामान खात्याची डॉप्लर रडारे आहेत आणि रत्नागिरी त्या दोहोंच्या मध्ये पडते. रडार एक झोत सोडते. दीडशे किलोमीटरवरच्या ढगातला पडसाद सेकंदाच्या हजाराव्या भागात परत येतो. पावसाच्या थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्याचा पडसाद ६४ पट होतो. थेंब गोल असेल तर गुस्ताव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ सालीच त्याचे पक्के गणित करून ठेवले आहे. पण मोठा थेंब पडताना गोल राहत नाही, पोळीच्या गोळ्यासारखा खालून चपटा होतो. आणि ढगाच्या वरच्या भागातले बर्फाचे कण तर कोणत्याच साच्यात बसत नाहीत. अशा वेड्यावाकड्या आकारांवर लहर कशी विखुरते हे शोधण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांत घरांच्या पेटीची ही रीतही आहे. कोणता पडसाद म्हणजे किती पाऊस, हे समजण्याची पायरी तेथून जाते.

नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’ आणि ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ ही दोन वादळे रत्नागिरी जिल्हा विसरलेला नाही. पहिल्याने समुद्रात गेलेल्या होड्या गिळल्या. दुसऱ्याने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळींच्या बागा झोपवल्या. वादळ कोणी अडवू शकत नाही. परंतु पडसाद वाचणारा माणूस जितका बिनचूक, तितकी होडी वेळेवर माघारी वळण्याची आशा जास्त.

पूर्ण जुळता थर म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा मात्र नव्हे. थराला जवळजवळ समांतर घसटत जाणारी लहर त्याला नीट गिळता येत नाही. वस्तूच्या अंगाला चिकटून राहणाऱ्या, दूर न जाणाऱ्या लहरींपाशी थर फार जवळ आणला तरी घोटाळा होतो. म्हणून या क्षेत्रातले जाणते लोक आलेल्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. जाता जाता मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, “मग चौकट आता गप्प बसली आहे, हे तुला कळतं कसं?”

तो म्हणाला, “सर, चौकट जराशी मोठी करायची आणि तेच गणित पुन्हा सोडवायचं. उत्तर जागचं हललं नाही, तर ते कांबीचं. हललं, तर मधे चौकट बोलत होती.”

एम. ए. ला असताना समीक्षेची जाडजूड पुस्तके मी वाचली. इतकी साधी कसोटी मला त्यांत कोठे भेटली नाही. पुढच्या सत्रात ती मी माझ्या वर्गाला सांगणार आहे. कोणत्याही मतावर, बातमीवर किंवा निकालावर ती लावून पाहता येते, आणि तिला संगणकही लागत नाही.